रिवाइंड करून आणू नये

सवतीमत्सर म्हणजे काय ते नवऱ्यामुळे मला कधी कळलं नाही. आमचे हे सातपूरला कंपनीत. सकाळी डबा घेऊन गेले की संध्याकाळी घामेजून परत. मध्ये कुणाकडे मान वर करून बघण्याचीसुद्धा त्यांना हौस नाही. मला सवत आली ती उतारवयात, आणि तीही माझ्या घरात नाही, चार घरं टाकून बाईंच्या घरात. टेबलावर ऐटीत बसलेली, अंगावर क्रोशाचा रुमाल पांघरलेली. बाईंचा कॉम्प्युटर.

पण आधी दुकानाचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला झालंय तरी काय.

पंचवटीत दिंडोरी रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर. पुढची खोली रस्त्याला लागून. नव्वदच्या आसपास ह्यांच्या ओळखीतल्या एकाने आपली व्हिडिओ लायब्ररी मोडली आणि शे-सव्वाशे कॅसेटी ह्यांनी उचलून आणल्या. मला न विचारता. मी चांदवडकडची, सातवी पास, घरात अजून मिक्सर नाही आणि हे पिक्चर घेऊन आले! म्हटलं, आता ह्या कॅसेटींची चटणी वाटू का? तर म्हणाले, "तू दुपारची झोपतेसच. त्याऐवजी गल्ल्यावर बस."

बसले. आणि काय सांगू, मला ते काम असं लागलं, असं लागलं, की दुपारची झोप गेली ती आजतागायत आलेली नाही. कॅसेटीवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून मी इंग्रजी अक्षरं शिकले. बाकी काही येत नाही, पण अक्षरं सगळी येतात.

त्या काळी सगळ्या लायब्रऱ्यांत पाटी असायची: कॅसेट रिवाइंड करून आणावी, नाहीतर दंड. माझ्या दुकानात उलटी पाटी. मीच खडूने लिहिलेली: "कॅसेट रिवाइंड करून आणू नये." लोक हसायचे. एकाने विचारलंसुद्धा, "मावशी, चुकून लिहिलंय का?" मी म्हटलं, "चुकून नाही, मुद्दाम. तुम्ही दमून बघता, पुन्हा ते फिरवत कुठे बसता? माझं मशीन आहे, मी फिरवते." लोकांना वाटायचं, किती चांगली बाई.

खरं कारण वेगळंच. कॅसेटीला पुढून छोटी काच असते. त्यातून दिसतं, काळी पट्टी डावीकडे किती उरली आणि उजवीकडे किती गेली. परत आलेली कॅसेट हातात घेतली की मला कळायचं, पूर्ण बघितली की अर्ध्यात टाकली. मग दुपारी दार ओढून घेऊन ती मशीनला लावायची आणि बघायचं, नेमकी कुठे थांबवली. मारामारी सुरू झाली तिथे थांबली, म्हणजे घरात सासरे येऊन बसले. गाणं संपून रडारड सुरू झाली तिथे, म्हणजे ह्या घराला रडकं नको. शेवटच्या पाच मिनिटांवर थांबली, म्हणजे लाइट गेली, आणि ते बिचारे शेवट काय झाला म्हणून विचारायला येणारच. तसे यायचेसुद्धा! मी तयार असायचे.

प्रत्येक घराच्या कार्डामागे मी पेन्सिलने खुणा करायची. आवडली तर एक टिंब, फार आवडली तर दोन, अर्ध्यात टाकली तर फुली. त्या खुणा बघून पुढची कॅसेट काढून ठेवायची. गिऱ्हाईक दारात आलं की त्याने तोंड उघडायच्या आत मी काउंटरवर त्याची कॅसेट ठेवलेली. "तुम्हाला कसं कळतं हो?" असं बायका विचारायच्या तेव्हा मला जे वाटायचं ना, ते मंगळसूत्राची नवी वाटी घातल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

माझा एक किस्सा मी वर्षानुवर्षं सांगत असे. आमच्या गल्लीत एक कंडक्टर राहायचे, एस.टी.तले. त्यांच्या बायकोने एक घरगुती पिक्चर नेला होता. सासरच्या जाचाला कंटाळून सून घर सोडते, असला. कॅसेट परत आली, मी लावून बघितली, तर सून बॅग उचलून उंबऱ्यापाशी उभी आहे तिथे बरोबर थांबवलेली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा चार बायका होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काय हो, तुमची कॅसेट बॅगेवर येऊन थांबली! माहेरी जायचा बेत आहे की काय?" सगळ्या अशा हसल्या! तीही हसली. बाईसुद्धा होत्या त्या दिवशी, कोपऱ्यातल्या स्टुलावर.

आता बाई. बाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त बाई. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातचे रूळ खाल्लेली. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठ्या. यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही, एकट्या राहायच्या. दर शनिवारी चार वाजता यायच्या, स्टुलावर बसायच्या, चहा घ्यायच्या, मी काढून ठेवलेली कॅसेट पिशवीत घालून न्यायच्या. सोमवारी परत. कधी "ही नको, ती दे" म्हटलं नाही. बारा वर्षं! मी त्यांच्यासाठी किती विचार करायची. म्हटलं, विधवा बाई, शिकलेली, सोज्वळ. संतांचे काढायचे, देवाचे काढायचे, त्यागाचे, बहीणभावाचे. पंचवटीभर सांगायची, "बाई फक्त माझ्या हातचंच बघतात."

आणि बाई शिस्तीच्या. पाटी असली तरी कॅसेट कायम रिवाइंड करून आणायच्या. काचेतून बघावं तर पट्टी पूर्ण एका बाजूला, नव्यासारखी. मी म्हणायचे, "बाई, कशाला त्रास घेतला?" तर म्हणायच्या, "सवय गं. फळा पुसल्याशिवाय वर्गातून बाहेर पडले नाही कधी." मीही म्हटलं, शेवटपर्यंत बघत असणार, त्याशिवाय कोण इतकं नीट परत करतं. त्यांच्या कार्डामागे सगळी टिंबंच टिंबं. एकसुद्धा फुली नाही.

पुढे केबल आली, मग सीड्या आल्या, दोन हजारनंतर दुकानात माशा. ह्यांनी एके दिवशी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी बसवली आणि कॅसेटी माळ्यावर गेल्या. मला रडू आलं नाही असं म्हणणार नाही. पण बाईंचा शनिवार चालू राहिला. त्या चार वाजता यायच्या, दळण टाकायच्या, मी केबलवर आठवडाभर काय काय लागणार ते बघून ठेवलेलं असायचं. "बाई, मंगळवारी रात्री नऊला अमुक लागणार आहे, तुमच्यासारखा आहे." त्या मान डोलवायच्या. म्हटलं, दुकान गेलं तरी गिऱ्हाईक आहे माझं एक.

आणि मग दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला त्यांनी कॉम्प्युटर घेतला. पेन्शनचा फरक आला होता, त्यातून. ह्या वयात क्लास लावला, कॉलेजच्या पोरींच्या शेजारी बसून शिकल्या. टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट. मला हौसेने बोलावलं बघायला. मीही हौसेने गेले, नारळ घेऊन.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "ह्याच्यात व्हिडिओ दिसतात. फुकट. जगातले."

एक लावला. मध्येच थांबून गोल गोल फिरायला लागलं, मग चाललं, मग पुन्हा फिरलं. मला बरं वाटलं. माझी कॅसेट कधी अशी अडकली नव्हती. अडकली तर मी उघडून पेन्सिलीने पट्टी ओढून देत असे. पण मग बाईंनी पडद्याच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. तिथे एकाखाली एक छोटी छोटी चित्रं.

"आणि हे बघ ना गंमत. मी जे बघते त्यावरून हाच ठरवतो, मला आणखी काय आवडेल ते. काढूनच ठेवतो. मी बसले की आपलं समोर हजर! कसं कळतं गं ह्याला?"

कसं कळतं गं ह्याला. माझं वाक्य. माझ्या काउंटरवरचं. मी म्हटलं, "बाई, चहा टाकू का?" आणि त्यांच्याच घरात त्यांच्याच गॅसवर जाऊन चहा टाकला, कारण तिथे उभं राहवेना.

नंतरच्या शनिवारी बाई चारऐवजी पाचला आल्या. मग साडेपाचला. मग दळण पाठवून दिलं, स्वतः आल्याच नाहीत. मी गेले तर समोर बसलेल्या, चष्मा नाकावर, चहा कपात गार झालेला, वर साय. पूर्वी शनिवारचा एक पिक्चर अडीच तास पुरायचा, आणि आठवडाभर त्यावर बोलणं चालायचं. आता चार मिनिटांचं एक, ते संपतंय न संपतंय तोवर कडेचं दुसरं, त्याच्या कडेला तिसरं. शेवट काय झाला हे विचारायला कुणाकडे जायची गरज नाही, कारण शेवट होतच नाही. माझ्याशी बोलताना डोळा कडेला. "हं... हं... काय म्हणालीस?"

आणि त्या बघायच्या काय! घाट चढणारी आगगाडीची इंजिनं. कुठल्यातरी गोऱ्या म्हातारीचं पाव भाजणं. चाकावर मडकी करणारे कुंभार. जोडीने नाचणारे परदेशी नवराबायको, त्या बाईच्या पाठीला कापड म्हणून नाही. मी म्हटलं, "बाई, हे तुम्ही बघता?" तर म्हणाल्या, "अगं, बघ तरी, पाय कसे पडतात!" आणखी एक होतं, ते तर पुन्हा पुन्हा बघायच्या. ते काय, ते नंतर सांगते. नाही, सांगणारच नाही. पण त्यात ना देव, ना संत, ना त्याग.

घरी येऊन मी ह्यांच्याजवळ धुसफुसले. हे गिरणीचा पट्टा बदलत होते. म्हणाले, "अगं, मशीन आहे ते. मशीनवर काय जळायचं?"

"मशीन तुमची गिरणी. ते बसून बसून बाईंचं मन ओळखतं."

"मग तू काय वेगळं करत होतीस?"

"मी माणूस आहे!"

"हो, ते ऐकू येतंय मला," असं म्हणून त्यांनी गिरणी चालू केली.

मग मी जे केलं ते लिहायला आज हसू येतं. एका दुपारी बाई मागच्या अंगणात पापड उलटवायला गेल्या. मला म्हणाल्या, "बस, आलेच." मी बसले. कॉम्प्युटरसमोर. उंदीर फिरवायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि अक्षरं मला येतच होती. मी म्हटलं, ह्याला बाई कळतात ना, मग कळू देत चांगल्याच. एकेक बोटाने टाईप केलं: कुस्ती. आली. एक लावली, थोडी चालू दिली, मग कडेची दुसरी, मग तिसरी. आवाज बंद ठेवून. मग साप पकडणारे. नाग विहिरीतून काढताहेत, धामण कणगीतून काढताहेत. मग म्हशींची टक्कर. बाई येईपर्यंत दहा-बारा तरी झाले असतील. पुढच्या दोन-तीन वेळीही संधी साधून तेच केलं. दुसऱ्याच्या कढीत मीठ टाकणारी जाऊ असते ना, तशी.

औषध लागू पडलं. एका सकाळी बाई स्वतःहून गिरणीवर आल्या, कितीतरी दिवसांनी. मी मनात म्हटलं, आल्या परत. स्टूल पुसून पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या.

"माझ्या यंत्रात साप कुणी सोडले?"

मी पिठाच्या डब्याचं झाकण लावत बसले.

"इकडे बघ. मी छत्तीस वर्षं चोऱ्या पकडल्यात. घरात मी आणि तू. मी कुस्ती लावली नाही."

"लावली मी," मी म्हटलं. आणि मग जे साचलं होतं ते सगळं बाहेर. "बारा वर्षं मी तुम्हाला निवडून दिलं, बाई. एकेक कॅसेट डोळ्यांत तेल घालून. आणि कालच्या त्या डबड्याला म्हणता, तुला कसं कळतं? मला कळत नव्हतं का?"

बाई बसल्या. स्टुलावरच बसल्या, त्यांच्या जागेवर. 

"खरं सांगू? राग येईल तुला."

"आलेलाच आहे."

"तुझ्या निम्म्या कॅसेटी मी बघितल्याच नाहीत. दहा मिनिटं बघायची आणि बंद करायची. तेच ते रडणं, तीच ती आरती."

मला वाटलं गिरणी बंद पडली. कानात काही येईना. "मग नेत होतात कशाला?"

"तू इतकी मन लावून काढून ठेवायचीस. नको कसं म्हणू? आणि चहा चांगला करतेस."

"मग सांगायचं तरी! निदान तशीच आणून द्यायची कॅसेट. मला कळलं असतं कुठे थांबवली."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "तुला कळू नये म्हणूनच फिरवून आणायची."

मी डब्याचं लावलेलं झाकण पुन्हा उघडलं.

"तू दुपारी लावून बघतेस हे मला ठाऊक होतं. वाटायचं, बघेना का. पण ती कंडक्टरची बायको आठवते? बॅगेवर कॅसेट थांबली म्हणालीस."

"अहो, हसली की ती!"

"हसली. आणि नंतर कधी आली का तुझ्या दुकानात?"

मी आठवायला लागले. कार्ड डोळ्यांसमोर आणलं. माझी कार्डं मला अजून पाठ आहेत. त्या कार्डामागे एक फुली, आणि त्यानंतर कोरं. मी समजत होते, त्यांची बदली झाली. बदली दोन वर्षांनी झाली होती.

"तुला कळायचं ते बरोबरच असायचं," बाई म्हणाल्या. "पण कळलेलं तुझ्या पोटात राहत नाही. ह्या यंत्राला तोंड नाही. ह्याला माझं काय ते कळलं तरी मला ते उद्या भाजीवाल्यापाशी भेटत नाही. म्हणून मी त्याच्यासमोर मोकळी बसते, एवढंच." उठताना म्हणाल्या, "साप काढून टाक माझे. कुस्ती राहू दे. कुस्ती बरी आहे."

मी महिनाभर गेले नाही. राग होताच, पण निम्मा राग कुणावर ते ठरेना. माळ्यावर चढून कार्डांचा खोका काढला. बाईंचं कार्ड बघितलं. सगळी टिंबं. पुसावीशी वाटली, पण पेन्सिल जुनी झाली की पुसली जात नाही, नुसतं काळं पसरतं. तसंच ठेवून दिलं.

मग बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. शेजारणीकडून निरोप आला की बाईंनी बोलावलंय. गेले. वरणभाताचा डबा घेऊन गेले. बाई पलंगावर, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर हिरवा चष्मा. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचं नाही म्हणून सांगितलेलं.

"आलीस? बस. चार दिवस झाले, नुसतं छत बघतेय. तू लाव काहीतरी त्याच्यावर. मी ऐकते."

"काय लावू?"

"तू निवड," बाई म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "निवडायचीस की पूर्वी. बघू, आता कळते का मी तुला."

दुपारचे तीन वाजले असतील. लोडशेडिंग नुकतंच संपलं होतं, पंखा फिरायला लागला. मी क्रोशाचा रुमाल काढला, घडी करून बाजूला ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला. सातवीच्या परीक्षेला बसल्यासारखी पदर सावरून बसले. काय लावायचं ते माझं ठरलेलंच होतं. महिनाभर तेच तर घोळत होतं. त्या जे पुन्हा पुन्हा बघायच्या, ते.

यादी आली. वर एक कुस्ती. आणि तिच्या शेजारी, पहिल्याच ओळीत, तेच. मेल्याने आधीच काढून ठेवलेलं.

काय जळले मी त्या क्षणी! दाबावं की नाही? दाबलं तर त्याचं ऐकल्यासारखं. नाही दाबलं तर बाईंना आवडेल ते द्यायचं राहिलं. माझं बोट उंदरावर तसंच. बाई म्हणाल्या, "सापडेना का काही?"

"सापडलं," म्हटलं आणि दाबलं.

सुरुवातीचा आवाज आला. बाईंच्या चेहऱ्यावर पट्टीच्या खाली हसू पसरलं, सावकाश. "अगं," म्हणाल्या, "बरोब्बर काढलंस! कसं कळलं गं तुला?"

आता खरं सांगायचं तर सांगता आलं असतं, की बाई, हे त्यानेच वर ठेवलं होतं. पण मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "बारा वर्षं दुकान चालवलंय, बाई." आणि कॉम्प्युटरकडे बघितलं. तो काय बोलणार? त्याला तोंड नाही.

मधेच बाईंचा डोळा लागला. हात हळूहळू पलंगाच्या कडेवरून खाली सुटला. मी तो उचलून चादरीवर ठेवला आणि व्हिडिओ जिथे होता तिथे थांबवला, पुन्हा सुरुवातीला नेला नाही, म्हणजे जाग आल्यावर तिथूनच ऐकता येईल.

काय होतं ते आणि कुठे थांबलं, हे मला माहीत आहे. त्याला माहीत आहे. ह्यांनी दोनदा विचारलं, शेजारणीने चारदा. बाई जाऊनही आता वर्षं झाली. पोटात ठेवलंय.